दुहेरी पुठ्ठा

सिनेच्या आसपासच्या गोठ्यांत मी एकतीस वर्षं गायी चिरल्या.
डावी कूस भादरायची, भूल टोचायची, हातभर काप घ्यायचा,
खांद्यापर्यंत आत जाऊन वासराचे मागचे पाय चाचपायचे
आणि फिर्मँला म्हणायचं, ओढ.
गाय उभीच असायची. रवंथसुद्धा थांबवायची नाही कधीकधी.

आमच्या निळसर पांढऱ्या गायी आपसूक वीत नाहीत.
पुठ्ठा दुहेरी, वासरू तटतटलेलं,
वाट मात्र जुन्याच मापाची.
मांसाला ‘पुरे’ म्हणणारा एक शब्द
त्यांच्या रक्तात मुळातच खोडला गेलेला.
आम्ही तो खोडलेलाच राहील एवढं पाहिलं.
किलोला भाव चांगला होता.

आता तो शब्द माणसांतून खोडायचं औषध निघालंय.
दोन टोचण्या, मध्ये सहा आठवडे.
लिएजच्या विमानतळामागच्या गोदामात
कुणावर सक्ती नाही,
तसं फॉर्मवर जाड अक्षरांत छापलंय.
खोकी तेवढी साठ किलोची झाली.

माझ्या बहिणीच्या ल्युडोने सही केली.
नवाल त्याच्याच पाळीत होती, तिने नाही केली.
तिला मूल हवं होतं, आणि पोटातल्या बाळाचं काय होईल
हे डॉक्टर सांगेनात. मला विचारलं तिने.
मी गायींचं सांगितलं.
आता ती चिकटपट्टीच्या टेबलावर बसते, निम्म्या पगारात.

ल्युडो रविवारी येतो तेव्हा दार आधी हळू उघडतो,
बिजागरी दोनदा बदललीय.
मी त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी
नजर पुठ्ठ्यावर जाते.
जुनी खोड. मनातल्या मनात वजन होतं, भावही ठरतो,
मग मी लाजून कॉफी ठेवते.

आमच्या गल्लीत पूर्वी कपाट हलवायचं
तर चार घरची माणसं लागायची,
जिन्यात शिव्या, भिंतीला ओरखडे, वर बिअर आणि साखरेचा टार्ट.
तेरेझचा पियानो ल्युडोने एकट्याने तिसऱ्या मजल्यावर नेला.
दहा मिनिटं. ती म्हणाली, बस ना जरा.
तो म्हणाला, अजून दोन घरं आहेत.
पियानोवर एक ओरखडा नाही.
समोरच्या घरात नवीन कोण आलंय
ते मला अजून ठाऊक नाही.

फेब्रुवारीत फिर्मँ गेला.
ल्युडो म्हणाला, मावशी, माणसं कशाला गोळा करतेस,
मी एकटा नेतो. एका खांद्यावर.
मायेनेच म्हणाला.
शेवटी चार खांदे लागतात, हे जन्मभर ऐकत आले,
त्यात वजनाचा हिशेब असेल
असं मला कधी वाटलं नव्हतं.

नाही म्हटलं.
गुडघा बदललेला अल्फोंस, खाटीक वाल्तेर,
तेरेझ, आणि पहाटेची बस पकडून आलेली नवाल.
पाचवी मी. सहावं कुणी मिळालं नाही.
चर्चपासून चढ आहे, त्यात ओली खडी.
तीनदा खाली ठेवली पेटी.
तिसऱ्यांदा वाल्तेर म्हणाला, मेला तरी ओढतोय आपल्यालाच,
आणि आम्ही पाचही जण चिखलात उभे राहून
दम लागेस्तोवर हसलो.

ल्युडो मागून येत होता, रिकाम्या हातांनी.
ते कुठे ठेवावेत त्याला समजत नव्हतं,
खिशात तर मावत नाहीत.

ये, म्हटलं, मागचा कोपरा घे.
त्याने घेतला आणि पेटी त्याच्या बाजूने उसळली,
आतला फिर्मँ आमच्या अंगावर घसरला, मला आवाज आला.
उचलू नकोस रे, मी ओरडले.
नुसता धर. आमच्याइतकाच.

उरलेली वाट, शंभर पावलं असतील,
नुसतं धरता धरता
पोर घामाघूम झालं.