एकसष्ट की चौऱ्याऐंशी

नज्मातल्या दुकानात शफीरनं काचेवर दोन कीबोर्ड ठेवले,
मधे आपला चहाचा कागदी कप,
म्हणाला, बहन, आराम से देखो.

एकात एकसष्ट कळा, दुसऱ्यात चौऱ्याऐंशी.
साठ टक्के आणि पंचाहत्तर टक्के, असं त्यांचं माप सांगतात,
दहावीच्या निकालासारखं.
मला बासष्ट होते. मी गप्प राहिले.

दोन्हींच्या पोटात चुंबक.
पत्र्याला पत्रा लागतच नाही, शफीर सांगतो,
कळ खाली येते, चुंबक जवळ येतं,
तळाचा सेन्सर नुसतं अंतर मोजत बसतो.
टेकण्याआधीच त्याला कळलेलं असतं.
आमच्यात कळ दुखण्यालाही म्हणतात,
हे हिंदीत सांगायला गेले आणि जमलं नाही.

माझं टेबल चार विती.
त्यावर भाताचा कुकर, मारिविकची जपमाळ,
माऊस फिरवायला उरते एक वीत, चार बोटं.
खेळात मागे वळायचं तर हात झटकावा लागतो,
दोनदा कुकरला लागलाय.
छोटा घेतला तर तीन बोटं जागा वाढेल.
मोठा घेतला तर बाण राहतील.

अक्का, छोटाच घे, सगळे प्रो छोटाच वापरतात,
रेवण सांगतो जयसिंगपुरातून.
त्याचा शब्द माझ्या कानापर्यंत पोचेतो
शत्रू मला मारून, खिसे तपासून गेलेला असतो,
आणि हा मला एका मिलिसेकंदाचं महत्त्व समजावतो.

एकसष्ट.
आप्पांची एकसष्टी झाली गेल्या महिन्यात.
ओवाळायचे दिवे ताटात मावेनात, म्हणून परात घेतली.
मी लॅबच्या जिन्यात उभी,
एका हातात ग्लोव्ह, एका हातात मोबाइल.
चाळीसेक दिव्यांपाशी चित्र थिजलं.
पुढचे मी पाहिले नाहीत.
तुपाचे पैसे मात्र मीच पाठवले होते.

साडेतीनशे रियाल म्हणाला, तीनशे दहाला दिला.
छोटा. काळा. पिशवीत जेवणाच्या डब्याएवढा.

घरी येऊन आधी एक दशांश मिलिमीटरवर लावला,
तिळाच्या सालपटाइतका.
बोट नुसतं ठेवलं, श्वास घेतला,
तर माझी बाई चालत चालत कड्यावरून खाली.
तीनदा.
रेवण हसला, थोडा उशिरा.
मग सव्वा मिलिमीटरवर आणला.
आता जरा दाबावं लागतं. बरं वाटतं.
शीर शोधताना ही बोटं दिवसभर हळूच, हळूच करतात,
सुट्टीच्या दिवशी त्यांनाही काहीतरी रेटावंसं वाटतं.

चुंबक असला तरी तळाला टेकली की कळ टक् वाजते.
रात्रपाळी करून आलेली मारिविक कूस बदलते.
मी खाली टॉवेल अंथरला, घडी करून.

मग आप्पांना लिहायला घेतलं.
आप्पा, नवीन कीबोर्ड घेतला, छोट्या कलांचा,
एकसष्ट आहेत मोजून, तुमच्या दिव्यांएवढ्या.
शिफ्ट नीट दाबला गेला नव्हता, ळ चा ल झालेला.
मागे जायला बाण शोधले. नाहीत.
दुसरी कळ धरून येतात म्हणे,
कुठली, ते खोक्यातल्या कागदावर,
आणि खोकं मारिविकच्या खाटेखाली.

पुसत पुसतच मागे गेले.
आधी दिवे गेले, मग एकसष्ट,
चुकलेल्या ल पर्यंत पोचले तेव्हा उरलं होतं
आप्पा, नवीन कीबोर्ड घेतला, छोट्या क

तिथून पुन्हा लिहिलं.
दिव्यांचं नाही लिहिलं.
किंमत लिहिली,
शंभर रियाल कमी करून.