लोळण

गगनबावड्याच्या अलीकडे, सड्याच्या खोलगट पाठीवर
एक दलदल आहे. नकाशात तिला नाव नाही.
धनगरवाड्यातली माणसं तिला लोळण म्हणतात.

तिथं आम्ही चार इंची पाइप ठोकला,
मी, मगदूम मॅडम, आणि ड्रायव्हर दस्तगीर,
जो म्हणाला, "बोअर मारताय तर पाणी तरी लागू दे की."
पाणी गुडघ्याएवढं होतंच.
आम्ही खाली शोधत होतो ते जुनं,
कधीच वाळून गेलेलं.

तीन मीटर चौदा सेंटिमीटर.
पाइप उपसताना लोळणीनं आवाज केला,
म्हशीचा पाय चिखलातून सुटतो, तसा.

आता तो विद्यापीठातल्या फ्रीजमध्ये आडवा आहे,
माझ्या डब्यातल्या दह्याशेजारी.
मासे धरायच्या तंगुसानं आम्ही त्याचे उभे दोन काप केले.
आत काळं, मग काळपट, मग बोटभर विटकरी पट्टा,
मग पुन्हा काळं, तव्याच्या बुडासारखं.
काळं म्हणजे बारमाही ओल, कुजलेल्या पानांची भर.
विटकरी म्हणजे तळ उघडा पडला होता,
जांभ्याची धूळ उडत आली आणि कित्येक उन्हाळे बसून राहिली.
तिच्यात कोळशाचे कण. कुणीतरी गवत पेटवलं,
किंवा ते आपोआप पेटलं.
सूक्ष्मदर्शक त्यापुढं बोलत नाही.

मी मोजते. एका काचेवर चारशे परागकण.
लव्हाळा, लव्हाळा, गवत, जांभूळ, गवत,
एक ओळखू न आलेला, गवत.
डावा अंगठा काउंटरवर.
घरी कोथिंबीर निवडतानाही तो अंगठा हलतो
आणि आई विचारते, काय मोजतेस गं?

तारखा लांबच्या प्रयोगशाळेतून येतात,
अधिक-उणे तीस वर्षांसकट.
त्यांच्यापुढं "आजपूर्वी" असं लिहायचं असतं,
आणि तो आज एकोणीसशे पन्नासला थांबवून ठेवलाय.
त्यावर साऱ्या जगाचं एकमत आहे.
आई त्रेपन्नची.
म्हणजे या हिशेबात ती अजून जन्मायचीय,
आणि कोथिंबिरीतली अळी तिला दिसत नाही.

दुसऱ्या खेपेला बमाबाई झोरे म्हशी घेऊन आल्या.
मी मोबाइलवर फोटो दाखवला,
म्हटलं, मावशी, हा विटकरी पट्टा बघा,
चार हजार वर्षांमागं बहुधा इथला पाऊस आटला होता.
शेजारच्या गावची सोयरीक मोडल्याचं ऐकावं
तशी त्यांनी मान हलवली.
मग म्हणाल्या, "आन् आमचं मामंजी बारकं हुतं, तवाचं?
एक साल लोळण भेगाळली, पोरं आत गोट्या खेळली म्हनायचं.
खरं का खोटं, दिसतंय का त्यात?"

मी वरचा वीतभर भाग पुन्हा काढून पाहिला.
एकसारखा राखाडी. शेण, मुळ्या, खूर.
इतक्या म्हशी इतकी वर्षं लोळल्या
की शंभर-दीडशे पावसाळे घोटून पिठलं झालं.
म्हटलं, "मावशी, ते तुमच्या म्हशींनी पुसलं."
त्या हसल्या. काठीनं एक खडक दाखवला,
त्या साली तो बुडापासून उघडा होता म्हणे.
मी वहीत उतरवून घेतलं.
त्याला रकाना नव्हता, समासात लिहिलं.

एकोणीसच्या पुरात शाहूपुरीतलं आमचं घर
खिडकीच्या वरपर्यंत पाण्यात होतं.
नंतर चार दिवस आई भिंती धूत होती.
चमच्यांचा खण मात्र मी धुऊ दिला नाही.
तळाला नखाएवढा थर आहे पंचगंगेचा,
वाळून तडकलेला, एका तड्यात मोहरीचा दाणा.
आई म्हणते, घासून टाक.
मी म्हणते, उद्या.

काल उघडला तर तिनं आत
विळीचं जुनं पातं ठेवलेलं,
आणि ते सरकवताना थरावर उठलेली
एक लांब, स्वच्छ रेघ.