निळ्या बुचाची नळी

निपाणीच्या स्टँडमागं, जिन्याखाली माझी लॅब.
दार उघडलं की वखारीकडून तंबाखूचा वास आत येतो,
आधी तो, मग पेशंट.

आज पुन्हा बसगोंडा मगदूम, गळतग्याहून पहिल्या गाडीनं.
छातीत धातूची झडप. गप्प बसला
की टिकटिक मलासुद्धा ऐकू येते.

निळ्या बुचाच्या नळीत रक्त रेघेपर्यंत घ्यायचं,
थेंबभर इकडंतिकडं नको.
तळाशी सायट्रेट असतं, निंबूसताचंच भावंड.
ते रक्तातला चुना मुठीत धरून बसतं.
मग गोठायचं सगळं सामान जागेवर,
गाठ मारणारा तेवढा नाही.

आई वखारीत चाळण धरायची.
त्या चाळणीच्या पत्र्यानं माझा अंगठा फाटला
तेव्हा तिनं डबीतला चुना दाबून भरला, वर हळद.
म्हणाली, बघू नकोस.
थांबलं.
पंधरा वर्षं मी त्या डबीला श्रेय दिलं.
मग कॉलेजात कळलं, बाहेरचा नुसता भाजत होता,
थांबवणारा आतच होता, आधीपासून.
आईला सांगितलं. ती म्हणाली, असंल. चुना त्यो चुनाच.

सदतीस अंशांच्या पाण्यात नळी धरते.
पिवळ्या प्लाझ्मात औषध सोडते, त्यात कॅल्शियम,
निंबूसताला पुरून उरेल एवढं.
घड्याळ दाबते.

माझा स्वतःचा प्लाझ्मा बाराव्या सेकंदाला धरतो.
बसगोंडाचा एवढ्यात धरू नये, म्हणून तर गोळी.
ती चुना काढून घेत नाही,
त्याला पकडणारी बोटंच उगवू देत नाही.

नळी तिरकी, सरळ, तिरकी.
मी मोजते. तोही मोजतो, ओठातल्या ओठात,
हत्तु, हन्नोंदु, हन्नेरडु...
कधीच माझ्या पुढं निघून गेलाय.

मग काचेला काहीतरी अडखळतं,
गुळाच्या पाकाला एकतारी यावी तसं.

मी म्हणते, एकतीस.
तो म्हणतो, नलवत्तु.
एवढा फरक?
"तुमी घड्याळ मोजतायसा, बाई. मी हे,"
आणि बोट छातीवर.

रिपोर्टात एकतीस लिहिते.
गोळीचं डॉक्टर सांगतील. मेथी एकदम वाढवू नका.
"शेतात तीच आलीया की ओ."

उठताना दंडावरचा कापूस उचलून बघतो.
अजून ओला.
दाबून धरा, म्हणते, थोडा वेळ.
तो पुन्हा बाकावर टेकतो, अंगठा रोवून,
रस्त्याकडं बघत.
ओठ हलायला लागतात.