वेगळ्या ट्रेमधले बटाटे

गुरुवारी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली,
"मिसेस थ्वेट, मी मांस खात नाही हं.
पण माझ्यासाठी वेगळं काही करू नका,
बटाटे आहेत, भाज्या आहेत, चालेल मला."

चालेल म्हणे.
मी ओट्याशी उभी राहून हिशेब मांडला:
बटाटे भाजायचे ते बीफच्या चरबीत,
पुडिंग फुगायचं तेही त्याच चरबीच्या धगीवर,
ग्रेव्ही म्हणजे ट्रेच्या बुडाला लागलेलं सगळं खरवडून,
आणि गाजरांवर मी एक चमचा सोडतेच, चकाकीला.
उरला कोबी.
एकेचाळीस वर्षं खाटकाची बायको मी,
आणि पाहुणीच्या पानात एकटा कोबी?

पाहुणी म्हणजे मॉर्वेना, गावोगाव फिरणारी नर्स,
मूळची खाली कॉर्नवॉलकडची.
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
बर्फातून गाडी ढकलत आलेली एकदा,
विल्फच्या पायाचं ड्रेसिंग करायला.
पाच महिने.
दर वेळी मी चहाबरोबर हॅमचं सँडविच ठेवायचे, जाडसर,
आणि बशी परत यायची लख्ख.

शनिवारी दुकानातून सूर्यफुलाचं तेल आणलं.
पाण्यासारखं दिसतं. वास नाही, काही नाही.
नवा ट्रे घेतला, त्यावरचं लेबल निघता निघेना.
ओव्हन एकच, म्हणून ठरवलं,
तिचं वरच्या कप्प्यात, बीफ खालच्या:
ठिबकतं ते वरून खाली,
खालून वर काही जात नाही.
चेस्टनट आणि मसुराचा वडीसारखा लांबट ठोकळा थापला,
जावई क्लाइव्ह म्हणाला, "भिंतीला एक वीट कमी पडली होती का?"
कांदे तासभर मंद परतले, तपकिरी होईपर्यंत,
आणि सवयीने बीफचाच चमचा त्यात बुडवला.
कुणी पाहिलं नव्हतं.
मी पातेलं उचलून सिंकमध्ये ओतलं
आणि पुन्हा कांदे चिरायला बसले.
कांद्याचं एक बरं असतं,
कुणी काही विचारत नाही.

रविवारी एक वाजता सगळे बसले.
विल्फची सुरी फेब्रुवारीपासून खणातच होती.
क्लाइव्हने ती घेतली आणि लाकूड कापावं तसं सुरू केलं,
मांसाचे तुकडे नाही, ढलप्या.
माझ्याने बघवेना, आणि उठवेनाही.
तेव्हा मॉर्वेना उठली. हात धुतले, बाह्या सारल्या.
"द्या इकडे," म्हणाली. "त्यांनी शिकवलंय मला.
मी पट्टी कापायचे तेव्हा पडल्या पडल्या सांगायचे,
धाग्याला आडवी धर, पोरी, दाबू नको,
सुरीचं काम सुरीला करू दे."
आणि ती कापत गेली,
पातळ, एकसारखे, त्याच्यासारखे काप,
जे ती स्वतः खाणार नव्हती.
मग पुन्हा हात धुऊन आपल्या जागी बसली,
आणि विटेवर कांद्याची ग्रेव्ही ओतून घेतली. दोनदा.

तेवढ्यात मॉस उठला शेगडीजवळून,
म्हातारा कुत्रा, हल्ली कुणासाठी उठत नाही,
आणि थेट तिच्या खुर्चीखाली जाऊन बसला,
नाक तिच्या कोटाच्या खिशाशी.
मी त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.
ती कानापर्यंत लाल.
"पाच महिने?" मी म्हटलं.
"शुक्रवारी तुम्ही मोहरी जास्त लावायचात," ती म्हणाली,
"त्याला शिंका यायच्या."

आधी कोण हसलं आठवत नाही.
क्लाइव्हच्या नाकातून पाणी आलं एवढं खरं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर भांडी घासली.
तेलाचा ट्रे दोन हातांत स्वच्छ झाला.
चरबीचा होत नाही तसा.
तो गरम पाण्यात
रात्रभर भिजत ठेवावा लागतो.