पाटा

पद्मिनी वास्कोची.
बंदरातल्या कुणा कारकुनाने बावीस वर्षं फिरवली
आणि बाबांना विकली, कागदपत्रांसकट,
समुद्रासकट.
तो तेव्हा दिसला नाही. गाडीखाली दडून
चोर्ल्याचा घाट चढला, वडगावात आला,
आमच्या रामफळाच्या सावलीत राहिला
आणि मागच्या पाट्यांची पानं
एकेक करून कुरतडत बसला.

रविवारी जॅक लावला तेव्हा सापडला.
लाल. बोट लागलं की पापुद्रे.
शॅकलची पिन कुठं संपते, गंज कुठं सुरू होतो,
सांगता येईना.

"जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, ठोकळ्यावर ठेवायचा."
जांभळाचे दोन ठोकळे बाबांनी स्वतः सरकवले,
मग दार दोन्ही हातांनी धरून गाडी हलवून बघितली,
पडायला आलेला दात बघतात तशी.
"हं. जा आता आत."

उद्यमबागेत एकतीस वर्षं त्यांनी पिनाच वळल्या.
ट्रकच्या, ट्रॉलीच्या. दिवसाला दीडशे.
डोळे मिटून, असं सांगायचे.
आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
आणि कारखाना सुटून सहा वर्षं झाली
खरं मनगटात लेथची थरथर अजून चालू.
म्हणून खाली मी,
भरमाणी टर्नरची पोरगी, पतसंस्थेत कॅशियर,
पाठीखाली पोतं, तोंडावर ओढणी,
आणि नाकासमोर वास्कोचा समुद्र.

तीन दिवस डिझेल पाजलं होतं पिनेला.
प्याली, आणि ढिम्म.
पान्याला चार फुटी पाइप जोडून लोंबकळले,
कुईं झालं,
नटात की माझ्या खांद्यात, कळलं नाही.
शेजारी ईरण्णाचे माग धडधडत होते.
तेवढ्यात करंट गेला.
गल्लीतून कुणीतरी जमीनच काढून घेतल्यासारखं झालं.
हात पुसत ईरण्णा आला, पलीकडून आत शिरला
आणि हातोडा घालू लागला.
"सावकाश!" वरून बाबा.
"सावकाश, तंगी!" खालून ईरण्णा, मला.
त्याचा शब्द कानडी, ह्यांचा मराठी,
काना-मात्रेचाही फरक नाही.
आणि सावकाश कुणीच करत नव्हतं.

पिन निघाली नाही. मोडली.
मला खालून बाबांच्या फक्त चपला दिसत होत्या.
त्या घरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.
आल्या तेव्हा पंचांगाच्या पानात गुंडाळलेली,
ग्रीसने माखलेली एक पिन माझ्या हातात पडली.
"शेवटच्या दिवशी वळलेली. कशाला बसते बघ."
बसली नाही. केसाएवढी जाड.
मग बाबा पायरीवर बसले
पॉलिश पेपर घेऊन,
आणि मनगटाची ती थरथर, जिच्यामुळे कपात चहा राहत नाही,
तासभर कामाला लागली.

एकाच बाजूचा पाटा बदलून झाला, अंधार पडला.
दस्तगीरने कमान जरा जास्तच दिली होती.
गाडी डाव्या अंगाने ताठ, उजव्याने बसकी,
फोटोवाल्याने सांगूनही खांदा न उचललेल्या माणसासारखी.
आईने गंजाचा सडा झाडून
रामफळाच्या आळ्यात लोटला,
"लोह असतंय म्हणे," म्हणाली,
आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. ईरण्णाही बसला.

मच्छेपर्यंत गेलो, परतलो.
आई म्हणाली, "ठोका न्हाई लागला.
खरं हे किर्र कसलं वाजतंय?"
बाबांनी काच खाली केली,
कान बाहेर काढला,
चार खड्डे काहीच बोलले नाहीत.
"पुढचा बॉल जॉइंट," मग म्हणाले,
आणि माझ्याकडे न बघता,
"पुढच्या आयतवारी मोकळी हाईस न्हवं?"

मी गिअर बदलला.
ओठावरून जीभ फिरवली,
खारट.