नावाचं कडवं

हिद्दच्या सुक्या गोदीत सोनू धनावडे क्रेन चालवतो.
एकोणीस वर्षं झाली.
चाळीस मीटरवर काचेचं खोकं,
खाली उघडं पडलेलं जहाज, पोटाला कालवं चिकटलेली,
आणि कानाशी वॉकीटॉकी : सोनू, लेफ्ट. सोनू, स्लो.
तिथेच लिहिली त्याने सगळी गाणी,
जुन्या परमिटांच्या पाठीवर,
दोन उचलींच्या मधल्या रिकाम्या वेळात.

खोलीत आम्ही सहा जण. तो वरच्या बर्थवर.
"उंचीची सवय," म्हणतो.

त्याचं गाणं तुम्ही ऐकलंय.
नाही म्हणू नका.
हळदीला, पूजेला, नव्या होडीला नारळ फोडताना,
गुहागरच्या वडापमध्ये फाटक्या स्पीकरवर,
तेच ते, *खाडीपल्याड दिवा कुनाचा,*
ज्यावर तुमच्या मामाने कंबर लचकवून घेतली.

विकलं साडेतीन हजाराला.
गायकाने पुढे गाडी घेतली,
मागच्या काचेवर गाण्याची ओळ रंगवली.
सोनूने मुलीला चष्मा घेतला
आणि उरल्या पैशांत एक पंखा, टेबलावरचा.
"अजून चालतो," हे तो छाती काढून सांगतो.
गाण्याबद्दल तसं कधी बोलत नाही.

मनामाच्या मोबाईल दुकानातला एक पोरगा
वही घेऊन आला होता : काका, गाणं चालतं कसं?
सोनू कांदा चिरत होता.
"पहिली ओळ बाईच्या तोंडी घाल.
गावाचं नाव नको, शेजारचा गाव नाचत नाही.
तिसऱ्या कडव्यात कुणालातरी परत आण,
खोटं का होईना."
आणि आपलं नाव?
सोनूने कांदा तव्यावर लोटला.
तो चरचरला, तेवढंच.

जाखडीत शेवटचं कडवं कवीचं.
आधी गुरूचं नाव, मग गावाचं, मग आपलं.
आज्या-पणज्याची रीत,
तिच्यावाचून मृदंगावरची थाप थांबत नसे.
पण स्टुडिओवाल्याने घड्याळ पाहिलं :
साडेतीन मिनिटं. वर गेलं तर डीजे उचलत नाही.
एक कडवं काढावं लागेल. कुठलं?
फोन लावला त्यांनी, माणसं तशी सरळ.
सोनूच्या हुकाला तेव्हा बारा टनांचा जहाजाचा पंखा लोंबत होता,
खाली चौघं हात वर करून उभे.
तो म्हणाला,
"शेवटचं काढा. त्याच्यावाचून गोष्ट अडत नाही."
आणि पंखा अलगद खाली ठेवला.

गेटवरच्या म्हाताऱ्या जुमाला हे कळलं.
त्याचा आजा मोत्यांच्या गलबतावर नह्हाम होता.
बुडी मारायची नाही, दोर ओढायचा नाही,
नुसतं गायचं,
ओढणाऱ्यांचा दम टिकावा म्हणून.
हंगाम सरला की मोत्यांत त्याचाही वाटा.
"तुझा वाटा किती निघाला?" जुमाने विचारलं,
गोदीतल्या मोडक्या हिंदीत.
"पंखा," सोनू म्हणाला.
जुमाला पंखा एकच ठाऊक, पितळेचा, बारा टनांचा.
डोळे विस्फारले त्याने.
"या अल्ला! माझ्या आज्याला तर मूठभरसुद्धा नाही!"
सोनूने त्याला तसंच राहू दिलं.

परवाच्या शुक्रवारी सलमानियाच्या हॉलमध्ये
कुणाचा तरी साखरपुडा होता.
गाणं लागलं. पोरं उठली, बायका उठल्या,
नवऱ्या मुलाच्या आत्याने पदर खोचला.
सोनू जेवणाच्या रांगेत, हातात रिकामी प्लेट,
मी त्याच्या मागे.
साडेतीन मिनिटांनी गाणं तुटलं,
आणि पुढचं लागेस्तोवरच्या त्या एवढ्याशा फटीत
त्याचे ओठ हलले.
गुरूचं नाव ऐकलं मी. गावाचं ऐकलं.
तिसऱ्याच्या आत डीजेने बटण दाबलं.

रांग सरकली.
सोनूने दोन गुलाबजाम घेतले,
मग मागे वळून पाहिलं, आणि एक माझ्या ताटात टाकला.