एक अक्षर कमी

सव्वीस वर्षं मी ही पाटी सांभाळते.
कृषी विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापाशी,
ओकच्या फळीवर पितळेच्या पट्ट्या :
दरवर्षी एक माजी विद्यार्थी,
दरवर्षी सात पोरं-पोरी,
आणि त्यांची नावं बिनचूक यावीत म्हणून मी,
व्हर्ना, खोली दोनशे चार.

चुकले ते नेमकं यंदा.
एप्रिल अर्धा सरला तरी सस्कॅचेवानच्या शेतांत
गव्हाच्या खुंटांमधून बर्फ होतं.
जेवणाला तासभर उरला असताना खोका उघडला
तर आब्राम डायक यांच्या आडनावातला
'सी' पितळेवर नाहीच.
अर्ज माझ्या हातचा. कोरणाऱ्याचा दोष नाही.
माझी पाचावर धारण बसली.

डायक आले. बूट शेतावरचेच, पण पुसलेले.
कोटांच्या खुंटीपाशी गाठून मी सांगून टाकलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
पट्टी डोळ्यांशी नेली, नखानं अक्षरं मोजली.
"आजोबा युक्रेनहून आले," म्हणाले,
"तेव्हा बंदरावरच्या कारकुनानं दोन जास्तीची घातली होती.
एक तुम्ही परत घेतलंत."

मग कोंबडी, बटाटे, नेहमीचे वाटाणे.
मग डीन. नमनालाच घडाभर तेल :
निधी, भागीदारी, नवी काचगृहं.
मागच्या टेबलावर जोलीन कार्डिनल,
खड्ड्यात उतरून बोटांनी माती ओळखायच्या स्पर्धेत पहिली,
तिनं शोभेच्या कुंडीत बोट खुपसलं
आणि शेजारणीला म्हणाली,
"नुसता पीट. माती नाहीच यात."
पुढच्या टेबलावरून डायक वळले.
एकाहत्तराव्या वर्षीही कान तिखट.

माइकवर ते चार मिनिटं बोलले.
"चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात
मी मसुरीच्या दोन ट्रेंची लेबलं उलटी लावली.
पेरलं एक, उगवलं दुसरं.
प्रोफेसर कोस्त्युकांनी तीन आठवडे बोलणं टाकलं.
चौथ्या आठवड्यात हाक मारली.
करप्यानं अख्खा वाफा झोपला होता,
चुकीची ओळ तेवढी उभी.
तिचं पुढे काय झालं, कुठकुठल्या देशांत ती शिजते,
ते डीननी आत्ता सांगितलंच.
मी फक्त लेबलं उलटी लावली.
उरलेली तीस वर्षं सुलटी लावण्यात गेली."

टाळ्या पडल्या.
काही प्राध्यापकांच्या जरा उशिरा.

जोलीनच्या पाकिटात चारशे डॉलर.
"ट्रकचं मागचं टायर," फोटो झाल्यावर
ती माझ्या कानात म्हणाली.

देणगीदारांचे आभार चालू होते तेव्हा
डायक आपली खुर्ची उचलून मागे आले.
खिशातून रुमाल, रुमालात ढेकूळ.
"सांग," म्हणाले.
तिनं पेल्यातलं पाणी थेंब थेंब घातलं, मळलं,
अंगठ्यानं पुढे सरकवत पट्टी काढली.
बोटभर झाली, दीड बोट,
लोंबली, पण तुटेना.
मग तिनं जिभेला लावली. मी दुसरीकडे बघितलं.

"चिकण. आणि खारट.
सखल जागेतली, पाणी साचतं तिथली."
"पन्नास वर्षं," ते म्हणाले,
"मी त्या जागेला वळसा घालून पेरतोय."
"घालत राहा," ती म्हणाली.
"तिथे मसूर नका लावू."

असा हसलेला माणूस
मी या हॉलमध्ये बघितला नव्हता.
डीन वाक्य अर्धं सोडून थांबले.

साडेदहाला खुर्च्या रचताना
पांढऱ्या टेबलक्लॉथवर ती पट्टी सापडली,
सुकून करडी झालेली, तिच्या अंगठ्याच्या रेघांसकट.
झटकून टाकायची ती मी बियांच्या पाकिटात घातली.
वर लेबल लावलं :
तारीख, शेत, दोघांची नावं.
डायक लिहिताना हात 'सी'पाशी थांबला.
घातला मी.
पितळेवर नाही, तर नाही.